रुग्णशय्येजवळचा पारिषद्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय म्हणजे उपकल्पनीय. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी तो वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीसाठी वाचला. परीक्षेत प्रश्न येई तो मदनफल कषायावर नाहीतर संसर्जनक्रमावर. त्यामुळे त्याच अध्यायाच्या आरंभी आतुरालयाची सिद्धता कशी असावी याचे जे सविस्तर वर्णन आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तू भक्कम हवी, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये पण एका बाजूने हवा खेळती असावी, धूर, ऊन, पाणी, धूळ यांचा उपद्रव नसावा; पाणवठा, उखळ-मुसळ, स्नानगृह, शौचकूप, पाकशाळा जवळ असावी. पुढे परिचारकांची यादी येते. अन्न शिजविणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे व निजविणारे, औषधे वाटणारे. येथपर्यंत आधुनिक रुग्णालयाशी सर्व काही जुळते.

याच्या लगेच पुढे आचार्य आणखी एक वर्ग सांगतात. गायन, वादन, कथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे यांत कुशल असलेले, दुसऱ्याच्या मनातील अभिप्राय ओळखणारे, रुग्णाला मान्य असणारे, देश आणि काल जाणणारे असे पारिषद्य, म्हणजे सोबतीस बसणारे लोक. यांच्या हाती औषध नाही, खल नाही, स्नानाचे पाणी नाही. त्यांनी करावयाचे ते एवढेच की रुग्णाजवळ बसावे आणि त्याचा अभिप्राय ओळखावा. आमच्या गुरुजींनी हे वाक्य ‘राजेरजवाड्यांसाठी’ म्हणून सोडून दिले होते. आम्हीही अनेक वर्षे पुढच्या विद्यार्थ्यांना तसेच शिकविले. हे वर्णन राजा किंवा विपुलद्रव्य मनुष्य यांना उद्देशून आहे हे खरेच. परंतु त्याच अध्यायात पुढे दरिद्री मनुष्यासही दारुण रोग होतात आणि त्याने यथाशक्ति साधने योजावीत असेही म्हटले आहे. सोबतीला बसणारा मनुष्य हे काही महागडे साधन नव्हे.

गेली अकरा वर्षे आम्ही एका धर्मादाय रुग्णालयाच्या कर्करोग विभागात आठवड्यातून दोन दिवस या कामासाठी जातो. पाश्चात्त्य देशांत या कामाला पूर्वी चॅपलन्सी म्हणत, अलीकडे स्पिरिच्युअल केअर म्हणतात. मराठीत अद्याप शब्द रुळलेला नाही. रुग्णालयाने आमच्या ओळखपत्रावर ‘आध्यात्मिक परिचर्या’ असे छापले आहे, पण वॉर्डातील मावशी ‘बसणारे वैद्य आले’ एवढेच म्हणतात. आम्हांस तेच नाव अधिक समर्पक वाटते. या कामात काय करावे लागते, आणि विशेषतः काय करावयाचे नसते, हे वैद्यबंधूंपुढे आणि औषधालय चालविणाऱ्या मंडळींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक चिठ्ठी

या कामाकडे आम्ही वळलो ते सत्प्रवृत्तीने नव्हे, एका चुकीमुळे. ती प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

माघ महिन्यातली गोष्ट. ऊस पट्ट्यातील एक शेतकरी, वय पन्नाशीच्या आतबाहेर, स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलेला, कामला गडद, मांस क्षीण. मोठ्या रुग्णालयाने घरी नेण्यास सांगितले होते. पत्नी व मुलगा त्यांना घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. नाडी पाहत असताना त्यांनी विचारले, “वैद्यबुवा, आषाढीपर्यंत उभा राहीन का?”

लक्षणे पाहता उत्तर आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही म्हणालो, “का नाही? औषध सुरू करू. धीर सोडू नका.” आणि एक सुवर्णयुक्त कल्प, एक रसायन आणि दोन काढे लिहून दिले. अर्ध्या तासाने शेजारच्या औषधालयाच्या मालकांचा दूरध्वनी आला. चाळीस वर्षे दुकान चालविणारा मनुष्य. ते म्हणाले, “वैद्यराज, चिठ्ठी हातात आहे. बाई गळ्यातलं मोडून आल्यात असं दिसतंय. हे खरंच द्यायचं का?” आम्हांस तो प्रश्न थोडा आगाऊपणाचा वाटला. “द्या,” आम्ही म्हणालो.

रुग्ण चैत्रात गेले. पुढे मुलगा दुकानात आला तेव्हा सारे समजले. घरात बहिणीचे लग्न ठरलेले होते. तिथी फाल्गुनात धरायची की ज्येष्ठात, एवढाच प्रश्न होता. आषाढी एकादशीपासून चातुर्मास, मग तुळशीविवाहापर्यंत मुहूर्त नाहीत; म्हणून त्या गृहस्थांनी ‘आषाढीपर्यंत’ असे विचारले होते. ते औषध मागत नव्हते, तिथी विचारत होते. आमच्या आश्वासनावर घरच्यांनी ज्येष्ठ धरला. लग्न मोडले नाही, पण कन्यादानाला चुलता बसला. मुलाने कल्पाची न उघडलेली डबी पुढे केली आणि विचारले, “सील फोडलेलं नाही, परत घ्याल का?” कंपनी असा माल परत घेत नाही. दुकानदारांनी पैसे स्वतःच्या गल्ल्यातून दिले. आम्हांस त्यांनी यावर एक शब्दही ऐकविला नाही, हे अधिक जाणवले.

अभिप्रायज्ञ या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला. तोपर्यंत तो केवळ पाठ होता.

हे काम इतरत्र कसे वाढले

अमेरिकेत अँटन बॉयसन नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले (१८७६ ते १९६५). १९२० साली त्यांना तीव्र मनोविकार झाला आणि ते स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील मनोरुग्णालयात चॅपलन म्हणून रुजू झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयातच शिकविण्यास त्यांनी आरंभ केला. विद्यार्थ्यांनी ग्रंथ वाचावेत, पण समोरचा रुग्ण हाही एक जिवंत ग्रंथ आहे आणि तो तितक्याच काळजीने वाचावा, असा त्यांचा आग्रह होता. बोस्टनचे वैद्यकतज्ज्ञ रिचर्ड कॅबट यांनी या कल्पनेस पाठिंबा दिला. आज तिकडे या शिक्षणाचा एक घटक किमान ४०० तासांचा असतो आणि मान्यताप्राप्त चॅपलन होण्यासाठी सामान्यतः असे चार घटक पुरे करावे लागतात. सोळाशे तास, आणि तेही मुख्यतः कसे ऐकावे हे शिकण्यासाठी. आपल्याकडे पंचकर्मासाठी तरी किती तास प्रत्यक्ष हात घालायला मिळतो, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून तिच्या रुग्णालयांत चॅपलन नेमले जातात. प्रथम ते ख्रिस्ती असत. पुढे मुस्लिम, हिंदू, ज्यू, शीख आणि कोणताही धर्म न मानणारे कार्यकर्तेही या कामात आले. त्याच १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू तरुण कर्करोगाने मृत्युशय्येवर होता. परक्या देशात त्याचे कोणी नव्हते. सिसिली साँडर्स या तेथे वैद्यकीय समाजसेविका होत्या. त्या त्याच्याजवळ जाऊन बसत. मरणासन्न माणसांसाठी एखादे वेगळे घर असावे, हे दोघांच्या बोलण्यातून पुढे आले. जाताना त्याने ५०० पौंड ठेवले, त्या घरात आपल्या नावाने एक खिडकी असावी म्हणून. साँडर्स पुढे वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले. वेदना ही केवळ शरीराची नसून मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते व या चारही मिळून एकच समग्र वेदना होते, हा विचार त्यांनी मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत उपशामक परिचर्येमध्ये आध्यात्मिक प्रश्नांचा स्पष्ट समावेश आहे.

आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. देशातील हे पहिले हॉस्पिस. १९९३ मध्ये कालिकतला वेदनाशमनाचे काम सुरू झाले आणि त्यातून केरळभर गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये चॅपलन्सीचा स्वतंत्र विभाग आहे. तथापि आपल्या बहुसंख्य रुग्णालयांत हे काम आजही कोणाचेच नाही. दर्शनी भागात गणपतीची मूर्ती असते, तिची पूजा नेमाने होते, आणि दुसऱ्या मजल्यावरील खाटेवरचा मनुष्य रात्री तीन वाजता छताकडे पाहत असतो.

नाडी न पाहता

वॉर्डात आम्ही नाडी पाहत नाही. हा नियम आम्ही पहिल्या महिन्यातच केला. वैद्य म्हटल्यावर रुग्ण मनगट पुढे करतो; आम्ही ते हातात घेतो, पण तीन बोटे ठेवत नाही. औषध लिहीत नाही, सुचवीत नाही, बाहेर आपल्या चिकित्सालयात या असे म्हणत नाही. ज्याच्याकडून औषध मिळण्याची आशा असते त्याच्याजवळ मनुष्य मरणाविषयी बोलत नाही. आशा तुटेल ही एक भीती आणि वैद्य रागावेल ही दुसरी.

बसण्याचेही शास्त्र आहे. प्रथम परवानगी विचारावी आणि ‘आज नको’ हे उत्तर आनंदाने स्वीकारावे. रुग्णालयात माणसाला सुई, नळी, जेवण, झोप कशालाच नाही म्हणता येत नाही. एका तरी माणसाला नाही म्हणता आले तर त्याला बरे वाटते, असा आमचा अनुभव आहे. खाटेवर बसू नये, स्टूल ओढून त्याच्या दृष्टीच्या पातळीवर बसावे. घड्याळ पाहू नये. आमच्याजवळ पोथी नसते, अंगारा नसतो, माळ नसते. एका वहीत दूरध्वनी क्रमांक मात्र असतात. एक कीर्तनकार, एक मौलवी, एक फादर, एक भन्ते, एक जंगम, एक ग्रंथी. रुग्ण मागेल तेव्हा ज्याचा त्याला बोलवायचे. कोणाची खाट किब्ल्याच्या दिशेला वळवून घ्यावी लागते, कोणाला त्रिशरण-पंचशील ऐकावयाचे असते, कोणाला फादरांच्या हातून तैलाभ्यंगाचा संस्कार हवा असतो. आपण दैवव्यपाश्रय म्हणतो ते हेच. पण दैवत त्याचे, आपले नव्हे.

एक वारकरी आजोबा होते. अपघात कक्षातून शस्त्रक्रियेसाठी नेताना गळ्यातील तुळशीची माळ कात्रीने कापली गेली. त्यात कोणाचा दोष नाही, तेथे तसेच करावे लागते. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण आजोबा जेवेनात, झोपेनात. डॉक्टर वेदना विचारीत, ते ‘नाही’ म्हणत, आणि ते खरेच होते. मनोविकारतज्ज्ञांना बोलावण्याचे घाटत होते. आम्ही दोन दिवस नुसते बसलो. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “बिनमाळेचा घास कसा उतरंल, महाराज?” माळ एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दातांच्या कवळीबरोबर सुनेजवळ होती. उत्साही नातवाने तोवर बाजारातून नवी माळ आणली होती, आजोबांनी तिला हात लावला नाही. माळ विकत घेऊन गळ्यात अडकवायची नसते, ती कोणाकडून तरी घालून घ्यायची असते, हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नव्हते. त्यांच्या फडावरील एक वृद्ध गृहस्थ गावाहून आले, जुनेच मणी नव्या दोऱ्यात ओवले आणि गळ्यात घातले. संध्याकाळी आजोबांनी भाकरी मागितली. आता त्या कक्षात कापलेली माळ, गंडा, ताईत, क्रूस जे असेल ते स्वतंत्र पाकिटात नाव घालून ठेवतात. ही पद्धत मुख्य परिचारिकाबाईंनी सुरू केली.

कधी उलटेही असते. प्रश्न आध्यात्मिक म्हणून पुढे येतो आणि मूळ शरीरात असते. एक गृहस्थ म्हणाले, “नाव घेता येत नाही. तीस वर्षांचा जप, आता चार मणी ओढले की मन फुटतं.” देव आपल्यावर रुसला असे त्यांना वाटत होते. अर्धा तास ऐकल्यावर ध्यानात आले की वेदना अंगात मावत नव्हती. मॉर्फीनची गोळी लिहिलेली होती, पण मुलगा ती देत नव्हता, कारण ‘अफूची सवय लागेल’. आम्ही उठून परिचारिकेला सांगितले. दर चार तासांनी नेमाने मात्रा सुरू झाली, सोबत सारकही, आणि दोन दिवसांनी त्यांचा जप सुरू झाला. येथे वैद्यबंधूंना विनंती आहे. अहिफेन आपल्या निघंटूंना परके नाही. अंतिम अवस्थेतील रुग्णास ‘ती ॲलोपॅथीची गोळी बंद करा’ असे सांगण्यापूर्वी त्याच्या खाटेशेजारी एक रात्र काढावी.

कर्मज व्याधी

आता थोडे कडू लिहितो. आपल्यापैकीच एक व्यासंगी वैद्य एकदा वॉर्डात नातेवाइकास भेटावयास आले होते. शेजारच्या खाटेवर रक्ताचा कर्करोग झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या आईने वैद्य म्हणून त्यांना नमस्कार करून कारण विचारले. त्यांनी कर्मज व्याधीचे विवेचन केले आणि पूर्वजन्मीचे भोग भोगूनच संपतात असे सांगितले. शास्त्रदृष्ट्या विवेचन निर्दोष होते. त्यानंतर ती माउली दोन दिवस जेवली नाही. आम्ही गेलो तेव्हा तिने विचारले, “मी काय केलं होतं हो?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. “ठाऊक नाही, ताई,” एवढेच म्हणालो. पुढे दोन आठवडे ती तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत राहिली आणि आम्ही तेच उत्तर देत राहिलो. मग एके दिवशी तिने प्रश्न विचारला नाही. मुलगा लहानपणी विहिरीत कसा पोहायला शिकला ते सांगू लागली, आणि मुलगा पडल्या पडल्या हसला.

कर्मज व्याधीचा विचार हेतूचे ज्ञान पूर्ण व्हावे म्हणून शास्त्रात आला आहे. तो अध्यापनाच्या आसनावरचा विषय आहे, रुग्णशय्येजवळचा नव्हे. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. शोकाकुल आईच्या हाती आपणच एक अहितकर विषय ठेवून दिला तर तो कोणता सत्त्वावजय? पंचकर्माची दालने उघडली, सत्त्वावजय मात्र आपण ‘समुपदेशन’ हा शब्द योजून समाजसेविकेकडे सोपवून मोकळे झालो.

दोन निषेधांमधली जागा

मरणाविषयी बोलावे की नाही, याबद्दल आपली संहिता फार सूक्ष्म आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील शिष्योपदेशात म्हटले आहे की रुग्णाचे आयुष्य उणे झाले हे जाणूनही, जेथे ते सांगितल्याने त्याला किंवा इतरांना आघात होईल तेथे ते सांगू नये. इंद्रियस्थानाच्या शेवटच्या अध्यायात अरिष्टे दिसत असतानाही न विचारता मरण सांगू नये, विचारले तरी जेथे अपाय होईल तेथे सांगू नये, असे आहे. आपण येथेच थांबतो आणि या वचनाचा आधार घेऊन खोटे आश्वासन देतो. आम्हीही दिले. परंतु तेथेच पुढे आचार्य म्हणतात की मरण न सांगता अशा रुग्णाच्या चिकित्सेचीही इच्छा धरू नये. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात तर असाध्य रोगावर उपचार करणाऱ्याच्या पदरी अर्थ, विद्या व यश यांची हानी आणि लोकनिंदा निश्चित येते असे बजावले आहे.

म्हणजे मरण उच्चारावयाचे नाही आणि औषधाचा देखावाही करावयाचा नाही. मग करावयाचे काय? ग्रंथ वाचताना हे दोन निषेध आम्हांस परस्परांना पेचात टाकणारे वाटत. वॉर्डात बसू लागल्यावर दिसले की या दोहोंच्या मध्ये एक जागा आहे, आणि ती पारिषद्याची आहे. रुग्ण ‘बरा होईन ना?’ असे विचारतो तेव्हा हो किंवा नाही ही दोनच उत्तरे नसतात. “तुम्हांला काय वाटतं?” असे विचारता येते. “कशासाठी विचारता?” असेही विचारता येते. त्या ऊसकरी गृहस्थांना आम्ही एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर आयुष्याचे मान न सांगताही लग्न फाल्गुनात झाले असते.

वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णांविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा सांगितली आहे. चक्रपाणींनी तेथे प्रकृती म्हणजे मरण असा अर्थ केला आहे. आजच्या मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड. आणि शब्दाच्या या घसरणीबरोबर आपले आचरणही घसरले. पातंजल योगसूत्रांत आणि बौद्धांच्या ब्रह्मविहारांत हीच उपेक्षा समत्वाच्या अर्थाने येते. जवळ राहून मन ढळू न देणे, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. चिकित्सेतून बाजूला व्हावे, खाटेपासून नव्हे. काहींना हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटेल. त्यांचा प्रतिवाद वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.

गल्ल्यावरचा प्रश्न

औषधालयाच्या मालकांना हा विषय आपला नाही असे वाटू नये. मोठ्या रुग्णालयाने ‘घरी न्या’ म्हटल्यावर कुटुंब अनेकदा वैद्याकडेही जात नाही, थेट दुकानात येते. वर्तमानपत्रातील कात्रण किंवा मोबाईलवर आलेला संदेश पुढे करते. १९५४ च्या औषधे व जादुटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे, तो बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु कायदा जाहिरातीपुरता. गल्ल्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईला काय सांगावे हे कायदा सांगत नाही. आमच्या त्या दुकानदार स्नेह्यांनी त्यानंतर एक रीत ठेवली. असे कोणी आले की माल काढण्याआधी स्टूल पुढे करतात आणि विचारतात, “घरी कोण कोण आहे? रुग्ण काय म्हणतो?” पुष्कळदा लोक थोडे बोलून, रडून, एक तैल किंवा मुखवास घेऊन जातात. त्यांचा धंदा बुडालेला नाही.

शिकावे कसे

आमचे शिक्षण वूस्टरच्या पद्धतीनेच, पण घरच्या घरी झाले. भेट संपली की त्या रात्री संभाषण आठवेल तसे शब्दशः लिहून काढावयाचे. तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, कोठे गप्प बसलो, मनात काय आले. नावगाव लिहावयाचे नाही. मग ते एखाद्या अनुभवी व्यक्तीने वाचावयाचे. आमची पाने रुग्णालयातील ज्येष्ठ समाजसेविकाबाईंनी वाचली. पहिल्या पानावर त्यांनी आमच्या वाक्यांखाली तांबड्या रेघा मारल्या आणि विचारले, “वैद्य, यात रुग्ण कोठे आहे?” पाहिले तर दोन तृतीयांश पान आमच्याच बोलण्याने भरलेले होते आणि त्यातील बहुतेक वाक्यांत ‘असे करा’, ‘असे समजा’ होते. तीस वर्षे पथ्य सांगून जीभ तशीच वळली होती. ती वळण सोडावयास दोन वर्षे लागली.

रुग्णाच्या कागदपत्रांत आम्ही दोन ओळींपेक्षा अधिक लिहीत नाही. ‘मुलीची भेट हवी आहे’, ‘रात्री भीती वाटते, दिवा चालू ठेवावा’, ‘एकादशीला उपवासाचे पदार्थ मागतात, आहारतज्ज्ञांस विचारावे’. विश्वासाने सांगितलेले बाहेर काढावयाचे नाही, हाही त्या शिष्योपदेशातलाच नियम. अपवाद एकच. रुग्ण जीव देण्याची भाषा करू लागला तर त्याला सांगून त्याच क्षणी डॉक्टरांना कळवितो.

२०२० आणि २०२१ मध्ये आमचे जाणे बंद होते. त्या काळात परिचारिकाच मोबाईल रुग्णाच्या कानाशी धरून उभ्या राहत. एकीने नंतर सांगितले की एका रात्री तिने तिघांसाठी पलीकडून म्हटले जाणारे निरनिराळे पाठ ऐकले आणि घरी गेल्यावर तिला कोणताच शब्द आठवेना. आता आमच्या वेळेतील शेवटचा अर्धा तास परिचारिकांसाठी असतो. त्या चहा पितात, आम्ही स्टूलावर बसतो. कधी कोणी काही बोलते, कधी नाही.

ज्या वैद्यांस असे काही करावेसे वाटते त्यांनी आठवड्याला दोन तासांपासून आरंभ करावा. रुग्णालयाकडून लेखी अनुमती व ओळखपत्र घ्यावे, औषध न देण्याची अट स्वतःहून त्यात लिहून घ्यावी आणि आपली पाने वाचणारे कोणी आधी शोधावे. वेळ दुपारची बरी. सकाळी डॉक्टरांची फेरी असते, पाचनंतर नातेवाइकांची गर्दी होते. तीन ते पाच या वेळात वॉर्ड शांत असतो आणि बहुतेक रुग्ण जागे असतात.